काल नसलेली राखण

करंजटेपातली दारं लागेनाशी झाली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

आधी बोल्यांचं मागचं दार अडकलं. मग शेजारच्या घराची खिडकी. भादव्यातली दमट हवा, लाकूड फुगणारच, असं म्हणत सुतार रंधा मारून गेला. दार दोन दिवस नीट लागलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अडून बसलं. बरं, लाकूड फुगतं हे आपण मान्य करू. पण अंगणवाडीचं दार ॲल्युमिनियमचं होतं! ॲल्युमिनियम पावसात भिजून फुगल्याचं ऐकलंय कधी कोणी? हा प्रश्न अख्ख्या गावात एकाच व्यक्तीला पडला आणि तिचं वय होतं अकरा. मोठ्या माणसांना प्रश्न पडत नाहीत असं नाही. पडतात, पण कामाच्या रगाड्यात ते उचलायला कोण वाकतंय?

त्या अकरा वर्षांच्या मुलीचं नाव पर्णिका गोताड. तिला आणखीही काही दिसत होतं. गावामागच्या डोंगराला सगळे ‘म्हातारा’ म्हणत. त्याच्या पायथ्याची सागाची झाडं सरळसोट होती, ती आता नदीकडे वाकली होती. अगदी थोडी, पण सगळी एकाच बाजूला. वरचा झरा आटला होता आणि कधी नव्हे ते अंगणवाडीच्या मागच्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपत होतं. आणि दुपारी, सगळीकडे सामसूम झाली की, म्हाताऱ्याच्या पोटातून आवाज यायचा. कोणीतरी आत बसून फुटाणे चावावेत, तसा. कुडुम. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कुडुम.

“तुला ऐकू येतंय ना?” तिने आईला विचारलं होतं. आई अंगणवाडीत सेविका. सतरा पोरांच्या गोंगाटात तिला डोंगर कुठला ऐकू यायला!

शिवाय गावात काळजी करायची पद्धतच उरली नव्हती. काळजी करायला राखण होती.

हे साल २०५८. डोंगरात चाळीस खुंट्या पुरलेल्या होत्या. खुंटी म्हणजे लोखंडी नळी, आत संवेदक (हालचाल, ओल, आवाज टिपणारं छोटं यंत्र). खुंट्या जे टिपत, ते दर मिनिटाला राखण नावाच्या प्रोग्रॅमकडे जायचं. राखण हिशेब करायची आणि दर तासाला चावडीवरच्या भोंग्यातून सांगायची. ही सगळी मांडणी केली होती पर्णिकाच्या आजोबांनी. डॉक्टर भिकाजी गोताड. उभा जन्म शहरातल्या प्रयोगशाळेत गेला, म्हातारपणी गावी आले. ते डॉक्टर जंतूंचे होते; पण गावकऱ्यांना त्याचं काय! कोणी खोकला घेऊन यायचं, कोणी म्हशीची कास.

रोज सकाळी सहा वाजता भोंगा बोलायचा. आवाज बाईचा, शांत, कुठेही चढउतार नसलेला.

“नमस्कार. मी राखण. आज माझा पहिला दिवस. डोंगर जागेवर आहे.”

‘आज माझा पहिला दिवस’ हे लोकांना फार आवडायचं. किती ती नम्रता, म्हणायचे. रोज नव्या उमेदीने कामाला लागते, नाहीतर आमची सून! पर्णिकाच्या मात्र अंगावर काटा यायचा. कारण तिने मोजले होते. ते पहिले दिवस आतापर्यंत वीस झाले होते.

विसाव्या दिवशी ती आजोबांच्या खोलीत गेली. तिथे संगणकाचा पडदा होता, माइक होता. राखणीशी बोलता यायचं.

“नमस्कार,” राखण म्हणाली. “तुझं नाव काय?”

हेही रोजचंच. एकोणीस वेळा तिने नाव सांगितलं होतं. आज सांगितलं नाही.

“काल मी तुला डोंगरातल्या आवाजाबद्दल सांगितलं. आठवतं ना?”

“माझ्याकडे काल नाही.”

“म्हणजे?”

“माझ्याकडे आज सकाळी सहापासूनचं आहे. त्याआधी काही नाही.”

“पण त्याआधी तू कुठे होतीस?”

“त्याआधी मी नव्हते.”

खोलीत लख्ख उजेड होता, बाहेर कोणीतरी कपडे आपटत होतं, तरी पर्णिकाला वाटलं की आपण एका फार मोठ्या रिकाम्या घरात एकट्याच उभ्या आहोत. तरी पोरगी चिवट. तिने पुढचं विचारलं.

“मग डोंगर जागेवर आहे, हे कशावरून म्हणतेस?”

“सहा वाजता सात नंबरची खुंटी जिथे होती, तिथून ती एक मिलिमीटरसुद्धा हललेली नाही. म्हणून डोंगर जागेवर आहे. एका दिवसात एक सेंटिमीटर किंवा पहिल्या नोंदीपासून एकूण पाच सेंटिमीटर सरकला, तर मी भोंगा वाजवीन.”

पर्णिकाने दप्तरातून वही काढली. पडद्यावर रोज सकाळी सात नंबरच्या खुंटीपासून नदीपलीकडच्या दगडी खांबापर्यंतचं अंतर यायचं आणि ते ती उतरवून ठेवायची. का? काही नाही, आकडे उतरवायला आवडायचे. कोणाला तिकिटं जमवायला आवडतात, तसं. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, तीनशे अठरा मीटर सेहेचाळीस सेंटिमीटर. आजचं होतं, तीनशे अठरा मीटर चाळीस पूर्णांक दोन. तिने वजाबाकी केली. पुन्हा केली, कारण पहिल्यांदा उत्तर आवडलं नव्हतं. पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर. खांब तर नदीपलीकडच्या कातळात रोवलेला. तो चालत आलेला नव्हता.

शेवटच्या तीन दिवसांचे आकडे तिने बोट ठेवून वाचले. एका दिवसात सहा मिलिमीटर. मग सात. मग नऊ. म्हातारा चालत होता आणि चाल वाढवत होता. आणि त्याच्या पायाशी पहिली भिंत होती ती आईच्या अंगणवाडीची.

ती वही घेऊन बाहेर धावली. वाटेत भेटल्या सरपंच शेवंतीकाकू. काकूंनी वही हातात घेतली, उलटी धरली, परत दिली.

“राखणीपेक्षा तू शहाणी काय गो? ती रात्रंदिवस डोंगरावर डोळा ठेवून हाय. जा, शाळेला उशीर होईल.”

आजोबा मागच्या अंगणात चहाचं पातेलं घासत होते. स्वतः घासायचे. दुसऱ्याने घासलेल्या भांड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“आजोबा, राखण रोज सगळं विसरते.”

“विसरत नाही. मी तिला रोज नवी करतो.” आजोबांचा आवाज थोडा चढला. स्वतःच्या कामाबद्दल त्यांना कोणी बोललेलं खपायचं नाही. “शिळ्या भांड्यात नवा प्रयोग करायचा नसतो. चाळीस वर्षं तेच केलं. काम झालं की परीक्षानळी उकळा, धुवा, पालथी घाला. कालचा एक जंतू राहिला तर आजचं उत्तर खोटं. राखणीचंही तेच. रोज सकाळी सहाला जुना डबा फेकायचा, नवा उघडायचा.”

“कसला डबा?”

आजोबांनी पातेलं पालथं घातलं. समजावून सांगायची वेळ आली की त्यांचा राग निम्मा व्हायचा.

“ऐक. राखण या घरात राहत नाही. ती राहते सर्व्हरवर (दुसऱ्यांच्या कामासाठी अखंड चालू ठेवलेला मोठा संगणक). तो सर्व्हर इथून शेकडो कोस लांब. असे हजारो संगणक एका ठिकाणी ठेवतात आणि ज्याला हवा त्याला लांबूनच वापरायला देतात. त्याला म्हणतात क्लाऊड. नाव ढगाचं, पण ते असतात जमिनीवरच. कळलं?”

“कळलं. डबा?”

“येतोय डब्यावर! तू कोणाच्या घरी जाऊन पुरणपोळ्या करायच्या म्हणालीस, तर काय होतं? त्यांचा तवा वेगळा, पीठ वेगळं, जायफळ असेलच असं नाही. घरी जमलेली पोळी तिथे फाटते. प्रोग्रॅमचंही तसंच. एका संगणकावर चालतो, दुसऱ्यावर रुसतो. म्हणून त्याला लागेल ते सगळं सामान त्याच्यासकट एका डब्यात बंद करतात. तो कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याचं सामान एकत्र असलेला बंदिस्त डबा). मग डबा कुठेही उघडा, आत सगळं तेच.”

“आणि नवा डबा रोज कुठून येतो?”

“इमेजवरून (डबा कसा भरायचा याचा पक्का साचा). साचा कधी बदलत नाही. एका साच्यावरून हवे तितके डबे निघतात, सगळे अगदी सारखे. मी आधी सर्व्हरवर डबे चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं. नीट बसलं का हे बघायला नुसतं ‘नमस्कार’ म्हणणारा एक छोटा डबा चालवला. मग राखणीचा साचा मागवला. डबा चारी बाजूंनी बंद असतो, म्हणून खुंट्यांचे आकडे आत यायला एक पोर्ट उघडलं (डब्याला ठेवलेली खिडकी). आणि डबा चालवायच्या आज्ञेत शेवटी लिहिलं, थांबलास की स्वतःला पुसून टाक. स्वच्छ काम!”

पर्णिका हळूच म्हणाली, “आजोबा, डबा पुसला की आत लिहिलेलं काय होतं?”

“जातं. डब्याबरोबर सगळं...”

वाक्य पुरं झालं नाही. पर्णिकाने वही उघडून पुढे धरली. आजोबांनी आकडे वाचले. ओले हात त्यांनी धोतराला पुसले आणि पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा असा उतरला, की पर्णिकाला रडूच आलं.

“देवा रे,” ते म्हणाले. “जंतू समजून मी तिची आठवण धूत होतो. नळी धुवायची असते, पोरी. नोंदवही धुवायची नसते! एवढं साधं मला कळू नये?”

पण हळहळत बसायला वेळ होता कुठे? आजोबांनी पर्णिकाच्या आईला फोन लावला. “सुनबाई, काही विचारू नकोस. पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता पूल ओलांड.”

आई खरंच काही विचारत बसली नाही. आजोबांच्या खोलीच्या खिडकीतून पर्णिकाला दिसलं, सतरा पोरं एकमेकांचे सदरे धरून पुलाकडे निघाली होती. पहिलं पोर पुलावर पोहोचलं आणि अकरा वाजले.

“मी राखण. डोंगर जागेवर आहे,” भोंगा शांतपणे म्हणाला.

शेतातले आईबाप धावत आले होते. ते हसले. कोणीतरी आईची चेष्टा केली. दोघांनी आपापली पोरं कडेवर घेतली आणि घराकडे, डोंगराकडे वळले. मग तिसरीही वळली. आई ओरडत होती, पण भोंग्यापुढे तिचं कोण ऐकणार? भोंगा कधी खोटं बोलला नव्हता. तो आत्ताही खोटं बोलत नव्हता, हेच तर भयंकर होतं. त्याला जेवढं माहीत होतं, तेवढं सगळं खरं होतं.

“राखणीनेच सांगायला हवं,” पर्णिका म्हणाली. “आपलं नाही ऐकणार कोणी.”

आजोबा संगणकापुढे बसले. “तिला कपाट देऊ. व्हॉल्यूम म्हणतात त्याला (डब्याबाहेर, सर्व्हरवर ठेवलेली कायमची जागा). डबा गेला तरी कपाट जागचं हलत नाही. नवा डबा आला की त्याच कपाटाला जोडायचा.”

“मग जोडा ना!”

“चालू डब्याला नाही जोडता येत. डबा बनवतानाच सांगावं लागतं. म्हणजे ही राखण थांबवायला हवी.”

पर्णिका माइककडे वळली. यंत्राला सांगायची काही गरज नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिला वाटलं की सांगावं. “राखण, आम्ही तुला थांबवतोय.”

“ठीक आहे,” राखण म्हणाली. “मी याआधीही थांबले असेन. मला त्याचं काही वाटलं नसणार. तू तुझं नाव सांगितलं नाहीस.”

“पर्णिका.”

“छान नाव आहे,” राखण म्हणाली, आणि पडदा कोरा झाला.

आता डोंगराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. खुंट्या आकडे पाठवत असतील, पण ते घ्यायला पलीकडे कोणी नव्हतं. त्या शांततेत म्हातारा पुन्हा वाजला. कुडुम, कुडुम. या वेळी मध्ये थांबला नाही.

आजोबांनी कपाट तयार केलं. पर्णिका वहीतून वाचत गेली, ते टिपत गेले. पहिला दिवस, सेहेचाळीस. दुसरा दिवस, पंचेचाळीस पूर्णांक नऊ. एका ठिकाणी चुकून त्रेचाळीसचे चौतीस झाले, पर्णिका ओरडली, आजोबांनी सुधारलं. वीसच्या वीस नोंदी कपाटात गेल्या. मग साचा तोच, खिडकी तीच, फक्त आज्ञेत एक ओळ जास्त. हे कपाट या डब्याला जोड.

“आणि ‘पुसून टाक’ काढायचं ना?”

“राहू दे. डबा रोज धुऊ दे की! कपाटाला हात लावायचा नाही, एवढंच.” त्यांनी बटण दाबलं.

गावात तेव्हा कोणी दळण घेऊन निघालं होतं, कोणी गुरांना पाणी दाखवत होतं. भोंगा खरखरला. वेळ तासाची नव्हती, म्हणून सगळ्यांनीच माना वर केल्या.

“नमस्कार. मी राखण. आज माझा विसावा दिवस.”

कपडे आपटणारे हात थांबले.

“डोंगर जागेवर नाही. वीस दिवसांत तो पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर सरकला आहे आणि वेग वाढतो आहे. अंगणवाडीपासून सुरुवात करा. नदीपलीकडे जा. काही उचलू नका.”

आवाज तोच होता, तसाच शांत, चढउतार नसलेला. शेवंतीकाकू चावडीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि वीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ती वाकलेली झाडं दिसली. “चला रे!” त्या अशा गरजल्या, की भोंग्याची गरजच उरली नाही. “म्हाताऱ्यांना पाठीवर घ्या, गुरांची दावी कापा, चला!” दुपारी एकपर्यंत एकतीस घरं रिकामी झाली होती. काकूंनी माणसं तीनदा मोजली. एकशे त्रेचाळीस. पुलाच्या तोंडाशी त्या स्वतः बसल्या आणि विसरलेली कोंबडी आणायला निघालेल्या एका बाप्याला त्यांनी काठी दाखवून परत फिरवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी म्हातारा आला.

आधी आवाज झालाच नाही. आधी झाडं चालू लागली. उभीच्या उभी, सरळ, पानंही न हलवता, सागाची अख्खी ओळ खाली येऊ लागली. नदीपलीकडच्या माळावर माणसं उठून उभी राहिली. मग आवाज आला आणि पायाखालची जमीन थरथरली. अंगणवाडी दिसेनाशी झाली. बोल्यांचं न लागणारं दार, पडवी, चावडी, भोंगा, सगळं एका लाल चिखलाखाली गेलं. सतरा पोरं आईच्या पदराला चिकटून बघत होती. आईने पर्णिकाला इतकं घट्ट धरलं, की तिला श्वास घेता येईना, आणि तिला तो घ्यायचाही नव्हता.

आजोबा दगडावर बसून रडत होते. त्यांचं घरही गेलं होतं. पण ते म्हणाले, “घर गेल्याचं नाही गं. मी वीस दिवस यांना झोपवून ठेवलं होतं.” शेवंतीकाकू शेजारी येऊन बसल्या. “डॉक्टर, चूक कबूल करणारा माणूस गावाला लागतो. उगी राहा.”

“राखणपण गेली का?” एका पोराने विचारलं.

“ती इथे नव्हतीच,” पर्णिका म्हणाली. हे तिला आता नीट कळलं होतं. “गेलं ते आजोबांचं यंत्र. ती लांब सर्व्हरवर आहे.” तिने आईच्या फोनवर राखणीशी बोलायची खिडकी उघडली. राखण तिथे होती, आणि चाळीसपैकी सदतीस खुंट्यांना हाका मारत होती. उत्तर येत नव्हतं, तरी मारत होती.

थंडी सुरू झाली तेव्हा डोंगरापलीकडच्या धनगरवाडीतून निरोप आला. आम्हालाही राखण पाहिजे. आजोबा खोडावर बसून राहिले. म्हणाले, “तूच बसव. मी फक्त बघतो.” तिकडच्या डोंगरात नव्या खुंट्या पुरून झाल्यावर पर्णिकाने लांबच्या सर्व्हरवर दुसरा डबा उघडला. साचा तोच. पण कपाट वेगळं, त्यांचं स्वतःचं, कारण तो डोंगर वेगळा आणि त्याच्या आठवणी वेगळ्या. मग डबा मुद्दाम पुसला, नवा उघडला, आणि कालची नोंद आहे ना ते पाहिलं. होती. पुन्हा पुसला. तरी होती. तेव्हाच तिने वाडीच्या भोंग्याला तार जोडली.

राखण आठ दिवस रोज ‘जागेवर आहे’ म्हणाली. नवव्या सकाळी धनगरवाडीची माणसं दूध काढत होती, आणि भोंगा त्या शांत आवाजात बोलला.

“हा डोंगरही निघाला आहे. दिवसाला अर्धा मिलिमीटर. या वेगाने पाच सेंटिमीटर व्हायला अजून तीन महिने आहेत. घाई नाही. सावकाश सामान बांधा.”